दादांचा कलप

कलपाला दोन वास असायचे. पुडी फोडताना एक, डोळ्यांत जाऊन झोंबणारा. आणि पाणी घालून करवंटीत घोटल्यावर दुसरा, ओल्या गंजासारखा. हा दुसरा वास आमच्या खोलीत संध्याकाळपर्यंत मुक्काम ठोकायचा. आईनं सुकट भाजली तरी तो हटत नसे. एक आड एक रविवार हे चालायचं. शेजारच्या खोलीत पाट्यावर मटणाचं वाटण घरघरत असायचं, गॅलरीत कुणाचा तरी रेडिओ मोठ्यानं लागलेला असायचा, नळ जायच्या आत बायकांची बादल्यांवरून भांडणं पेटलेली असायची, आणि आमच्या खोलीचं दार मात्र आतून कडी घालून बंद. अंबरनाथच्या त्या चाळीत दिवसाउजेडी दार लावणारं घर आमचं एकच. लोक काय समजत असतील कोण जाणे. मोरीच्या काठाशी पाट मांडून त्यावर माझे वडील, म्हणजे दादा, बसायचे. खांद्यावर जुना पंचा, डोळे मिटलेले. म्हणायचे, "हां शालू, कर सुरू. आणि बडबड करू नको, थेंब उडतो."

त्या कामाची एक रीत होती आणि ती दादांनीच ठरवलेली होती. आधी त्यांच्या कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर आणि मानेवर खोबरेल चोपडायचं, म्हणजे कलप सांडला तरी कातडीला धरत नाही. माझ्या हातांना मात्र तेलाचं बोट लावायचं नाही. तेलकट हात केसांना लागला की तिथे रंग बसत नाही, पांढरा पट्टा राहतो, आणि पट्टा राहिला म्हणजे सगळं उघडं पडलं. म्हणून मी हात साबणानं घासून, कोरडे करून बसायचे. रिकाम्या दुधाच्या पिशव्या हातात घालून रबरबँड लावून बघितलं, पण पिशवीच्या कोपऱ्यातून कलप आत शिरायचा आणि मग उलट तासभर आतच मुरायचा. जुन्या टूथब्रशनं डोक्याचं काम व्हायचं. भुवया, मिशी आणि कानाजवळची लव यांना बोटच लागायचं. आरशात बघून दादा उठले, त्यांची कातडी पंचानं एकदा पुसली की स्वच्छ. माझी नखं, नखांभोवतीची कातडी, तळहाताच्या रेघा, सगळं काळं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सिंधी साईंच्या दुकानातला तो माल होता. केसांवरून दहा दिवसांत उतरायचा, हातावरून बारा दिवसांत. मी त्याला तोंडावर म्हणायचे, "साईं, ये बाल का रंग है या चमड़ी का?" त्यावर तो हसून म्हणायचा, "बेबी, जिधर लगा उधर लगा." मी भांडून प्रत्येक वेळी पुडीवर एक शाम्पूची पुडी फुकट काढायचे. सतरा-अठराची पोरगी होते आणि तेवढ्यावर जिंकल्यासारखी चालत घरी यायचे.

आता माझे केस पार्लरमध्ये रंगवतात. तिथे हातमोज्यांचा खोका असतो. मागे एकदा नवी लागलेली मुलगी मोजे न घालताच वाटीत ब्रश बुडवायला लागली. मी खुर्चीतून उठून तिच्या मालकिणीला असं फाडून बोलले की बाकीच्या बायका मासिकं मिटून बघत राहिल्या. मालकीण म्हणाली, "ताई, एवढं काय झालं?" काही नाही झालं, म्हटलं. मोजे दे तिला.

दादांना नट्टापट्टा करायची हौस कधीच नव्हती. ते जिथे तरुणपणापासून कामाला होते तो कारखाना आधी वर्षभर टाळेबंदीत गेला आणि मग गेटवरची पाटीसुद्धा कुणी काढून नेली. बरोबरीचे लोक भाजीची गाडी लावून बसले, कुणी गावाला गेले, कुणी दारूत. दादांनी दोन वर्षं सगळीकडे हिंडून बघितलं. लेथवर त्यांचा हात असा होता की विचारू नका, पण सगळीकडे एकच, "काका, आम्हाला तरुण माणसं पाहिजेत." मग बदलापूरच्या बाजूला एक छोटी कंपनी निघाली होती, तिथे ते पहिल्यांदा कलप लावून गेले आणि वय दहा वर्षांनी कमी सांगून आले. कामावर घेतलं. त्या दिवशी आईनं पुरणपोळी केली होती. दादा जेवता जेवता म्हणाले, "आता ह्या डोक्याची काळजी घ्यायची. हे डोकं आपल्याला जेवायला घालतंय." आम्ही तिघंही हसलो. आई हे काम करू शकत नव्हती, त्या वासानं तिला दमा उसळायचा, ती गॅलरीत जाऊन बसायची. म्हणून ते डोकं माझ्याकडे आलं. आणि चाळीत, विहारात, कुणालाही, अगदी मावशीलाही, यातलं अक्षर सांगायचं नाही अशी शपथ दादांनी आम्हा दोघींना घातली. कंपनीत आमच्याच समाजाचे चार लोक होते. एका तोंडातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही, असं ते म्हणायचे.

माझ्या हातांबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं हेही ठरलेलं होतं. कधी मी म्हणायचे तवा घासला, कधी म्हणायचे कच्च्या केळ्याचा चीक लागला. बायका कामाच्या गडबडीत असतात, कोण एवढं बघतं? विहारात पौर्णिमेला खीर वाढायला मीच पुढे असायचे. डाव माझ्या हातात असायचा आणि पोरांची रांग मी अशी सरळ करायचे की मोठी माणसंही हसायची.

तिथेच त्याला बघितलं होतं. बदलापूरला कुळगावात राहणारा, पोस्टात नुकता लागलेला, नाव सुधाकर. एकदा वंदना झाल्यावर द्रोण घेऊन रांगेत उभा राहिला आणि मी वाढायला लागल्यावर म्हणाला, "थोडी जास्त घाला, आम्ही लांबून आलोय." मी म्हटलं, "लांबून आलात तर परत जाताना जड होईल." तो मोठ्यानं हसला. एवढंच. पण चार महिन्यांनी विहारातले ढवळेकाका आमच्याकडे आले आणि म्हणाले की कुळगावची मंडळी शालूला बघायला येऊ का विचारतायत, मुलानं स्वतः नाव काढलंय. मी स्टोव्हपाशी, त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. कणीक मळायची थांबले नाही, पण पाणी जास्त पडलं.

येणार होते रविवारी संध्याकाळी. तो कलपाचा रविवार नव्हता. पण सकाळी उठून दादांनी आरशात मान वाकडी करून भांग बघितला आणि म्हणाले, "मुळं पांढरी दिसतायत. पाहुण्यांसमोर बरं दिसणार नाही. शालू, करवंटी काढ."

आई म्हणाली, "आज तिचे हात बघतील ना हो लोक. पुढच्या आठवड्यात करा."

"हात धुता येतात," दादा म्हणाले. "आणि लिंबू आहे की घरात."

मीही म्हटलं, दादा, टोपी घाला. ते म्हणाले, घरात टोपी घालून बसलेला माणूस टक्कल तरी लपवतो नाही तर वय तरी, लोक काय खुळे आहेत काय? त्यांचं म्हणणं मुद्द्याला धरून होतं. तेव्हाही मला ते पटलं होतं, आणि म्हणूनच आजही राग येतो. मी कलप लावला. लावून झाल्यावर दुपारभर आम्ही मायलेकी माझ्या हातांच्या मागे लागलो. लिंबू चोळलं, राख चोळली, स्टोव्हमधलं रॉकेल कापसावर घेऊन नखांच्या कडा पुसल्या. मग आईला वाटलं, वरून हळद चोळली तर निदान रंग झाकेल, मुलीच्या हाताला हळद कुणी वाईट म्हणणार नाही. तिनं हळद आणि बेसन कालवून माझ्या हातांना थापलं. धुतल्यावर बघतो तर काळ्यावर पिवळं चढून हिरवट डाग झाले होते, मध्ये मध्ये रॉकेलनं सोललेली लाल कातडी. काळे होते तेव्हा निदान ते रंगाचे हात वाटत होते. आता ते आजाराचे हात वाटत होते. आई म्हणाली, "पदर पुढे घे. ट्रे पदरातून धर."

पाहुणे आले. सुधाकर, त्याची आई, त्याची आत्या आणि त्याचे मामा. मामा दारात चप्पल काढता काढता थबकले आणि ओरडले, "अरे गायकवाड! तुम्ही? हे तुमचं घर होय?"

मामा दादांच्याच कंपनीत स्टोअरकीपर होते. पाळी वेगळी असल्यानं ओळख जाता-येताची, पण चेहरा पक्का. ढवळेकाकांना हे माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. मी पडद्यामागून बघत होते. दादांचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. "जयभीम, जयभीम, या ना, बसा," ते म्हणाले, आणि स्वतः खिडकीपासून लांब, कपाटाच्या सावलीत जाऊन बसले.

मामा बोलका माणूस होता. खळखळून हसायचा. "काय सांगू ताई," सुधाकरच्या आईला म्हणाले, "आमच्या कंपनीत सगळे म्हातारे होत चाललेत आणि हे गायकवाड तेवढे उलटे चाललेत. तब्येत बघा! आम्ही विचारतो, वहिनी काय खाऊ घालतात?"

आई दारातून म्हणाली, "जे तुम्ही खाता तेच, भाकरी आणि बोंबील." सगळे हसले. दादाही हसले.

पोहे घेऊन मी आत गेले. ट्रे पदरातून धरलेला. सुधाकरनं वर बघितलं आणि ओठ दाबून हसला, जणू खिरीचं आठवलं होतं. शिक्षण, स्वयंपाक, शिवण येतं का, सगळं विचारून झालं. त्याने स्वतः एकच विचारलं, "बारावीनंतर पुढे शिकायचंय का? आमच्याकडे चालेल." मी म्हटलं, "चालेल तर शिकेन." त्याची आई म्हणाली, "बोलायला बरी आहे हो." त्या क्षणी माझं लग्न ठरलेलं होतं. पुढे धंद्यात मी आयुष्यभर सौदे केलेत. खोलीतली हवा कधी बदलते आणि माल कधी गेला ते मला दोन दुकानं पलीकडून कळतं.

मग मामा पोहे चघळत दादांना म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून सांगतो. साहेब परवा स्टोअरमध्ये बोलत होता. पन्नाशीच्या वरचे शोधून काढतायत. दोघांना घरी बसवलं. आता दाखले मागणार नाहीत म्हणे, नुसतं चेहऱ्यावरून काढतील. तुम्हाला काय चिंता, तुम्ही पोरगे आहात अजून."

"हो ना," दादा म्हणाले.

आणि तेवढ्यात आत्यानं मला जवळ बसवून घेतलं, सवयीनं माझा हात हातात घेतला आणि पदर बाजूला झाला. "अगं बाई," ती म्हणाली. "हे काय?"

गॅलरीतल्या पोरांचं गोट्या खेळणं ऐकू येत होतं. आत्यानं माझा हात उलटा केला, सुलटा केला, मग स्वतःच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "नायटा आहे का? की दुसरं काही?" दुसरं काही म्हणजे काय ते आमच्यात सगळ्यांना कळायचं. बोटं झडणाऱ्या त्या रोगाचं नाव घरात कुणी घेत नसे.

मी दादांकडे बघितलं. मी सांगू शकत होते की तवा घासला, पण तव्यानं असे हिरवे डाग पडत नाहीत, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला कळत होतं. खरं एकच होतं आणि ते दादांच्या डोक्यावर होतं, सकाळचंच, चकचकीत काळं. मामांच्या हातात पोह्यांची बशी होती आणि ते माझ्या हातांकडे बघत होते. त्यांनी फक्त मान वर करायची बाकी होती.

दादा म्हणाले, "जन्मापासूनचं आहे ते तिला. डॉक्टरला दाखवलंय. वाढत नाही."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. माझ्या तोंडात शब्द आले होते, ओठ उघडलेसुद्धा, आणि दादांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती. लेथवर काम करताना कुणी मध्ये बोलायला आलं की ते असे बघायचे, थांब, हात सुटेल. आई आत गेली आणि चहा टाकायचा आवाज आला. कुणी चहा मागितला नव्हता.

सुधाकरची आई म्हणाली, "कळवतो मग." मामा उठताना दादांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "होतं असं गायकवाड. औषधं चांगली निघालीत आता." सुधाकर शेवटी उठला. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं, मग दादांच्या केसांकडे, मग परत माझ्याकडे. त्याला कळलं होतं की काय, हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. कळलं असेल तर तो काही बोलला का नाही? आणि कळलं नसेल तर तसं का बघितलं? हा एक हिशेब माझ्याकडून कधी सुटला नाही.

ढवळेकाका चार दिवसांनी आले आणि नुसती नकाराची मान हलवून गेले. मला वाटलं होतं एवढ्यावर मिटेल. पुढच्या पौर्णिमेला विहारात मी नेहमीप्रमाणे खिरीच्या पातेल्याशी गेले आणि डाव उचलला, तर एका काकूंनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "राहू दे शालू, आज माझी मुलगी वाढेल. तू बस." प्रेमानं बोलल्या. डाव घेऊन त्या नळाकडे गेल्या आणि राखेनं घासून आल्या. त्या वेळी माझे हात स्वच्छ होते. कलपाला बारा दिवस होऊन गेले होते, नखंसुद्धा गुलाबी. मी ते पुढे करून दाखवणार होते, पण बघणारच कोण? सगळ्या जणी भलतीकडे बघत होत्या. जिथे जन्मापासून मला सगळे ओळखत होते, तिथे जन्मापासूनचं काहीतरी मला असल्याचं सगळ्यांना आता आठवायला लागलं होतं. एक म्हातारी तर म्हणाली, लहानपणी मी बघितलं होतं हो हिच्या हातावर. कुळगावापासून उल्हासनगरपर्यंत आमची माणसं एकमेकांना धरून होती, आणि ती बातमी त्या सगळ्या अंतरावर पसरली. नंतर एक-दोन स्थळं आली, दारातूनच गेली. एक बिजवर होता, तोही विचारून गेला की हातांनी भाकरी थापते का.

घरात यावर कुणी बोलत नव्हतं. आई रात्रंदिवस खोकायची. दादा कामावर जायचे, यायचे, जेवायचे. कंपनीत चेहऱ्यावरून माणसं काढली, आणि दादांचा चेहरा राहिला. हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असेल आम्ही खूष होऊ. आईनं ताट वाढलं. मी उठून गॅलरीत गेले.

आणि मग असाच एक कलपाचा रविवार आला. दादांनी पाट मांडला, पंचा घेतला, कडी लावली. मी जागची हलले नाही. मग ते पाठमोरे बसूनच म्हणाले, "शालू. मुळं दिसायला लागलीत."

"दिसू देत," मी म्हटलं.

"उद्या कामावर जायचंय."

"जा मग."

शेजारी पाट्यावर वाटण चाललं होतं. मी मोरीजवळ जाऊन उभी राहिले आणि बोलायला लागले. ओरडायचं होतं, पण आवाज हळूच निघाला, त्याचं मलाच नवल वाटलं. म्हटलं, मी कलप लावीन, तुम्ही कामावर आहात तोपर्यंत लावीन, पण माझ्या अटी आहेत. यापुढे ह्या घरात मला बघायला कुणी येणार नाही. ढवळेकाकांना सांगायचं, मुलगी लग्न करणार नाही. आणि कॅम्प पाचमध्ये गाऊन शिवायच्या कारखान्यात मी उद्यापासून जाणार. तिथे सिंधी लोक आहेत, त्यांना माझ्या हातांचं काही माहीत नाही.

त्या कारखान्यातूनच पुढे माझा स्वतःचा गाऊनचा धंदा उभा राहिला. आज बदलापूरच्या सोनिवलीला माझं स्वतःचं घर आहे आणि बाजारात व्यापारी माझ्यासमोर बसताना घोटभर पाणी पिऊन बसतात. लोक म्हणतात, ताई, तुम्ही जिद्दीनं वर आलात. मी म्हणते, हो. पण त्या सकाळी मोरीपाशी उभी होते तेव्हा मला यातलं काही नको होतं. मी अट घातली ती मोडली जावी म्हणून घातली होती. मला वाटत होतं, आता हे उठतील. पंचा फेकतील, ओरडतील की हे काय बोलतेस, माझ्या मुलीचं लग्न होणार नाही म्हणजे काय, मी आजच कुळगावला जाऊन खरं सांगून येतो, गेली नोकरी तर गेली. निदान म्हणतील, लग्नाचं राहू दे, नोकरीचं बघू. काहीतरी कमी-जास्त करतील. बाप आहेत, घासाघीस तरी करतील.

दादा म्हणाले, "बरं."

समोरचा पहिल्याच बोलात हो म्हणाला की मला अजूनही तो सौदा नको होतो. त्याच्या पदरात पडतंय ते किती मोलाचं आहे हे त्याला पुरतं ठाऊक असतं, म्हणून तो बोलणं वाढवत नाही. मी करवंटीत पुडी फोडली, पाणी घातलं, घोटलं. त्यांच्या कपाळाला, कानांना तेल लावलं. त्यांच्या कपाळाला, कानांना तेल लावलं. मी मागच्या बाजूला आले तेव्हा मानेवरची मुळं मला नीट दिसावीत म्हणून त्यांनी डोकं आणखी खाली वाकवलं.